जबलपूरपर्यंत जाणारा भुंगा

आमच्या घरातला भुंगा आधी मला ऐकू आला नाही. तो जबलपूरच्या एका डॉक्टरांना ऐकू आला.

स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. आमचे हे गोंदिया स्टेशनात तारबाबू होते आणि आम्ही रेल्वेच्या क्वार्टरात राहत होतो. दोन खोल्या, मागे पडवी, पडवीपुढे आंगण. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा होता आणि राज्य मध्यप्रदेश. दिवसभर हे दुसऱ्यांच्या तारा पाठवायचे. कोण वारलं, कोण पोहोचलं, कोणती मालगाडी कुठं अडली. घरी आले की स्वतःचं यंत्र लावून बसायचे. लढाई संपल्यावर फौजेचं जुनं सामान भंगारात आलं होतं, त्यातून एकेक तुकडा जमवून यांनी ते बांधलं होतं. लोकांच्या घरचा रेडिओ नुसता ऐकवतो. हे यंत्र बोलायचं. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि सरकारचा परवाना लागतो, ते दोन्ही यांच्याकडे होतं. टेबलावर पत्र्याचा मोठा डबा, डब्यात काचेचे व्हॉल्व्ह तांबूस पेटलेले. हातात मायक्रोफोन धरून हे बोलले की छपरावर ताणलेल्या तारेवरून आवाज निघून जायचा. दर रविवारी सकाळी जबलपूरचे ते डॉक्टर यांच्याशी बोलायचे. त्यांनाही हाच छंद. बोलणं अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी.

मी चौथी शिकलेली, चिचगडच्या बाजूची. परक्या माणसापुढे माझ्या तोंडून शब्द निघत नाही, अजूनही नाही. पण ऐकायला मला फार आवडतं. रविवारी सकाळी मी तांदूळ निवडायचं सूप घेऊन दाराआड बसायची. डॉक्टरांना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांना सर्दी झाली की मला कळायचं. त्यांच्या घरी कुत्रा आहे, हेही मला यांच्या आधी कळलं होतं. समोर माणूस नाही म्हणून लाजायचं कारण नाही, आणि तरी माणसाचा सहवास होतो, असं ते सुख होतं. अशी दुसरी जागा मला ठाऊक नव्हती.

कार्तिकात एका रविवारी डॉक्टर म्हणाले, "बाबू, आपके पीछे कोई भंवरा बैठा है क्या?"

यांना आधी थट्टा वाटली. मग हेडफोन लावून स्वतःच ऐकलं तर खरंच यांच्या आवाजामागे एक गुणगुण येत होती. त्या रविवारी मी दाराआड नव्हते. मागच्या पडवीत होते, आणि खिडकीतून जेवढं कानावर पडेल तेवढं ऐकत होते. आमच्यात बाईने महिन्याचे दिवस बाहेर बसायचं. पडवीच्या कोपऱ्यात पोतं अंथरायचं, चूल नाही, पाण्याची घागर नाही, देव नाही, तुळस नाही. शेजारची भाभी, रूळ बदलणाऱ्या पॉइंट्समनची बायको, छत्तीसगडकडची, वरून माझ्या ताटात वाढायची आणि यांना तिच्याच घरी जेवू घालायची.

न्हाऊन घरात आल्यावर मी यांना म्हटलं, मला तो भुंगा ऐकायचा आहे. हे म्हणाले की गेला तो, कंडेन्सर बदलला. कंडेन्सर म्हणजे पत्र्याची एक नळकांडी, तिच्यात वीज साठते. जुनी झाली की तिला वीज धरवत नाही. मी विचारलं, पण तो भुंगा येतो कुठून? तेव्हा यांनी चांगलं बसून सांगितलं. हे गप्प बसवणाऱ्या नवऱ्यांपैकी नव्हते, विचारलं की सांगायचे.

"वीज सरळ वाहत नाई," हे म्हणाले. "मागं-पुढं, मागं-पुढं होत राहते. झोक्यावानी. तो झोका माह्या आवाजात मिसळून राहिला होता."

म्हणजे विजेच्या कारखान्यातलं चाक गोंदियात फिरतं आणि त्याची गुणगुण जबलपूरला ऐकू जाते. ही गोष्ट माझ्या डोक्यात कितीतरी दिवस फिरत राहिली. डाळ शिजवताना, भांडी घासताना. आणि ती आपल्याच घरातून गेली, पण आपल्याला ऐकायला मिळाली नाही, याची चुटपुट लागली.

पुढच्या महिन्यात भुंगा परत आला. मी पडवीत पोत्यावर होते. आत हे स्वतःशी बोलत होते, पाना टेबलावर आपटल्याचा आवाज येत होता. या वेळी चोक नावाच्या वस्तूवर आळ गेला. तारेचं जाड वेटोळं असतं ते. न्हाऊन घरात गेले तर यांनी दुसरा चोक बसवला होता आणि भुंगा गेला होता. पौषात पुन्हा. संक्रांतीला सगळ्या बाया हळदीकुंकवाला फिरत होत्या, मी पोत्यावर बसून होते आणि आत भुंगा आला होता, पहिल्यापेक्षा मोठा. यांनी मायक्रोफोनच्या तारेवर तांब्याची जाळी चढवली, जड ट्रान्सफॉर्मर उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला. मी न्हाऊन आत आले, लगेच म्हटलं, आज तरी ऐकवा. यांनी हेडफोन माझ्या कानाला लावले. काही नव्हतं. कोऱ्या भिंतीसारखं शांत.

"तुह्या नशिबातच नाई," हे हसले.

तेव्हा मीही हसले. पण तो शब्द मनात राहिला. दर वेळी मी आत येते आणि तो गेलेला असतो. असं कसं?

संक्रांतीनंतर परवाना देणाऱ्या सरकारी खात्याचं पत्र आलं. हवेतले आवाज ऐकत बसणारी त्यांची माणसं असतात, त्यांनी यांची गुणगुण ऐकली होती. दुसऱ्यांच्या बोलण्यात तिचा अडथळा होतो, ती काढून टाका, पुढे नागपूरहून एक साहेब येऊन स्वतः ऐकतील. तेव्हाही गुणगुण असली तर बोलायची परवानगी जाईल. तारेसारखी खटखट करता येईल, बोलता येणार नाही.

"दिवसभर टेशनात खटखट, अन् घरी येऊन बी खटखट," हे म्हणाले. हसत म्हणाले, पण त्या दिवशी यांनी ताटातला भात अर्धा टाकला. हे मोठ्या आवाजात बोलणारे माणूस नव्हते. स्टेशनात साहेबांपुढे 'जी' आणि 'हो जी' एवढंच. पण मायक्रोफोन हातात आला की यांचा आवाज बदलायचा, रुंद व्हायचा. तो आवाज घरात बंद होणार, असं मला दिसायला लागलं. आणि माझी दाराआडची जागाही.

मला आधी वाटलं ते सांगताना आजही संकोच होतो. मला वाटलं, भुंगा माझ्यामुळे येतो. आमच्याकडे बाहेर बसलेल्या बाईची सावली लोणच्यावर पडली तर लोणचं नासतं, पापडावर पडली तर पापड लाल होतात, असं लहानपणापासून ऐकलेलं. माझं पोतं खिडकीखालीच असायचं, खिडकीपलीकडे यंत्र. लोणचं नासतं तर विजेला काय अशक्य? म्हणून संक्रांतीच्या त्या खेपेला मी पोतं उचलून आंगणाच्या पार टोकाला, सीताफळाच्या झाडाखाली नेलं. थंडी होती. भाभीने विचारलं, तिथं कायला बसली, मी म्हटलं ऊन येते. तिथून काही ऐकू येईना. म्हणून दुपारी यांना लांबूनच विचारलं, कमी झाला का? हे म्हणाले, नाई, वाढला. मग पोतं परत खिडकीखाली आणलं.

माघात सासूबाई आल्या. गावची मळणी उरकली होती. पोहे, लाखोरीची डाळ आणि एक नारळ घेऊन आल्या, शिवरात्रीला आमच्याकडच्या प्रतापगडच्या जत्रेला जायचं होतं, तोवर आमच्याकडेच राहणार होत्या. पोराच्या परवान्याचं ऐकल्यावर त्यांनी यंत्रापुढे नारळ फोडला आणि डब्याला कुंकू लावलं.

"आई, नारळाचं पाणी डब्यात गेलं असतं ना," हे म्हणाले, "तर मी बी गेलो असतो."

"तुले का समजते," सासूबाई म्हणाल्या. "पाह्यजो आता, येते का तुहा भुंगा."

त्या असतानाच माझे दिवस आले. मी पोत्यावर बसले आणि कान खिडकीकडे लावले. रविवार होता. डॉक्टर म्हणाले, "आज बिलकुल साफ है बाबू." दुसऱ्या दिवशी साफ. तिसऱ्या दिवशीही. हे खूश, म्हणाले जाळीने काम केलं. सासूबाई खूश, म्हणाल्या नारळाने केलं. दोघांचं दोन दिवस त्यावरून चाललं. मला मात्र दोघांपेक्षा जास्त आनंद झाला होता. मी पोत्यावर होते आणि भुंगा आला नव्हता. म्हणजे माझी सावली नव्हे.

सासूबाई जत्रेला गेल्या आणि तिथूनच गावी परतल्या. फाल्गुनात मी पुन्हा बाहेर बसले आणि भुंगा पुन्हा आला. डॉक्टर म्हणाले की आज तर भंवऱ्याने पूर्ण कुटुंबच आणलं आहे. त्याच आठवड्यात यांना कळलं, साहेब चैत्रातल्या दुसऱ्या रविवारी येणार.

मी पोत्यावर बसून विचार करायला लागले. दुसरं काही करायला नसतंच त्या दिवसांत. सासूबाई असताना घरात काय होतं, जे आता नाही? त्या माझ्या जागी होत्या. चूल पेटवत होत्या. चुलीचा आणि यंत्राचा काय संबंध? झाडून काढत होत्या. आता हे स्वतः खोली झाडतात, कसंबसं, पण झाडतात. देवाला फूल, दिवा. सकाळी आंगणात सडा, तुळशीला पाणी.

माझी नजर तुळशीवर गेली. समोरच होती, पानं खाली लोंबलेली. दोन दिवस तिला कुणी पाणी घातलं नव्हतं. हे अशा गोष्टींकडे पाहत नसत आणि मी हात लावू शकत नव्हते. रेल्वेच्या जागेत पक्कं वृंदावन बांधता येत नाही, म्हणून मी घासलेटच्या डब्याला खाली भोकं पाडून त्यात ती लावली होती आणि डबा विटांवर ठेवला होता. त्या विटांच्या मधून एक जाड तांब्याची तार जमिनीत जात होती. ती खिडकीतून निघून भिंतीवरून खाली उतरायची. मी रोज सडा टाकताना ती ओलांडत होते.

आमचं आंगण मुरूम आणि इंजिनातून निघालेल्या जळक्या राखेने भरलेलं होतं. पाणी टाकलं की क्षणात गायब. कुदळ मारली तर ठणकन वाजायची. आम्ही राहायला आलो तेव्हा यांनी खिडकीजवळ मोठ्या कष्टाने एक खड्डा खणला होता, त्यात तांब्याचा पत्रा पुरला, भोवती कोळसा आणि मीठ घातलं. मी विचारलं होतं, लोणचं घालता का? तेव्हा हे म्हणाले होते, यंत्राचा पाय जमिनीला लागाले पाह्यजे, अन् जमीन ओली राहाले पाह्यजे, मीठ ओल धरून ठेवते. नंतर मला तुळशीचा डबा ठेवायला जागा हवी होती. साऱ्या आंगणात मऊ माती तेवढीच, विटा नीट बसल्या, म्हणून मी तिथं ठेवला. यांनी पाहिलं आणि काही म्हटलं नाही. तार झाकली गेली, बरंच झालं, असं वाटलं असेल.

रोज सकाळी दोन गडवे पाणी डब्यात. भोकांतून ते खाली झिरपायचं. वर सडा. आणि दर महिन्याला काही दिवस काहीच नाही.

मी उठून उभी राहिले आणि परत बसले. मग बोटांवर मोजलं. फाल्गुनाचे दिवस, त्यापुढे चैत्र, दुसरा रविवार. दोनदा मोजलं. साहेब यायच्या रविवारी मी पोत्यावर असणार होते.

आता यांना सांगायला हवं होतं. लिहायला सोपं आहे. नवऱ्याशी त्या दिवसांबद्दल बोलायचं नसतं. मी बाहेर बसले हे त्यांना पोतं पाहून कळायचं, शब्दाची गरज नव्हती. न्हाऊन आत आल्यावर मी दोन दिवस टाळलं. हे मात्र पुन्हा आनंदात होते, यांनी एक व्हॉल्व्ह बदलला होता आणि भुंगा गेला होता. आता साहेब येऊ दे, म्हणत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी हे पाठमोरे बसून एका तारेला झाळ देत होते. मी दारात उभी राहून यांच्या पाठीला सांगितलं.

"अवो, तो भुंगा गेला नाई. साहेब येतीन त्या दिवशी तो येईन."

"काऊन म्हणते असं?" हे वळले नाहीत.

"मी बाहेर बसली का येते तो. दर खेपेले."

झाळ द्यायची कांडी यांनी बाजूला ठेवली. तरी वळले नाहीत. माझ्यावर उपकारच झाले.

"अन् आई होती तवा?" यांनी विचारलं. "तवा बी तू बाहेर होती. तवा नाई आला."

"आत्याबाई तुळशीले पाणी घालत होत्या," मी म्हटलं. "तुमची तार तिथंच आहे. खाली."

हे उठून माझ्या बाजूने पडवीत गेले, तुळशीपुढे उकिडवे बसले आणि विटांमधून वाकून पाहायला लागले. मला वाटलं होतं हसतील, नाहीतर आईसारखं काहीतरी बोलतात म्हणतील. आत येऊन म्हणाले, "पाहू. पण तपासून पाहावं लागन. उद्यापासून पाणी नको घालू, सडा बी नको टाकू."

मी त्याचा विचारच केला नव्हता. शिवायचं नाही तेव्हा पाणी न घालणं वेगळं, आणि न्हाऊन धुऊन, हात असताना तुळस तहानलेली ठेवणं वेगळं. पहिल्या सकाळी मी गडवा भरला आणि परत घागरीत ओतला. तुळशीकडे पाठ करून भांडी घासली. कुंपणापलीकडून भाभी पाहत होती.

"काबर पानी नइ डारत हस बहिनी?" तिने विचारलं. "अलग तो नइ बइठे हस." मी बाहेर बसले नव्हते, हे तिला दिसत होतं.

मी काहीतरी पुटपुटले आणि आत पळाले. तिसरा दिवस आला, उन्हाने आंगण फुफाट्यासारखं झालं आणि भुंगा काही येईना. हे हेडफोन लावून बसलेले. मला म्हणाले, तुझा अंदाज चुकला वाटते. बोलण्यात राग नव्हता, पण मला वाईट वाटलं. मग बाहेर जाऊन पाहिलं तर तुळशीची माती ओली. भाभीला तिची दया आली होती. बाबूच्या बायकोने देवधर्म सोडला, पण झाडाने काय केलं, म्हणून ती पहाटे कुंपणावरून हात लांब करून गडवाभर पाणी ओतत होती.

तिला सांगणं भाग होतं. मी कुंपणापाशी गेले आणि म्हटलं, भाभी, दोन-तीन दिवस पाणी नका घालू, आमच्या यंत्राचं काम आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला आता यंत्राचीच बाधा झाली असावी. पण ऐकलं.

त्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी यांनी मला हाक मारली. हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवले.

आला होता. मुर्रीच्या वाटेवर भाताची गिरणी आहे, दुपारी वारा इकडचा असला की तिची घरघर लांबून येते, तसा. चढत नाही, उतरत नाही, एकसारखा. इतके महिने ज्याच्याबद्दल नुसतं ऐकलं तो हा. मी पुष्कळ वेळ ऐकत राहिले. मला तो वाईट वाटला नाही, खरं सांगायचं तर आवडला.

"तू ऐक," हे म्हणाले, आणि बालटी घेऊन बाहेर गेले. तुळशीच्या डब्यात पाणी पडल्याचा आवाज खिडकीतून आला. कानातली घरघर तशीच होती. मग ती बारीक झाली. मग तुटक झाली, एखादा माणूस बोलता बोलता पेंगावा तशी. मग नाही.

"गेला का?" हे आंगणातून ओरडले.

माझ्या कानांवर हेडफोन होते, म्हणून माझा आवाज किती मोठा निघाला मला कळलं नाही. भाभीने नंतर सांगितलं, तिच्या चुलीपाशी ऐकू आला.

"गेला," मी म्हटलं.

खणायचं ठरलं तेव्हा मी आडवी आले. तुळस हलवायची तर आंघोळ करून. हे कुरकुरले, डॉक्टरचं ऑपरेशन असल्यावानी करून राहिली म्हणाले, पण आंघोळ करून आले. डबा बाजूला ठेवला, विटा काढल्या आणि सावकाश खणलं. खाली पत्रा होता, कोळसा होता. तार मात्र पत्र्यापर्यंत पोहोचतच नव्हती. जिथं जोड होता तिथं हिरवट भुगा झाला होता. मिठाने आणि इंजिनाच्या राखेने तांबं खाऊन टाकलं होतं. तारेचं टोक आणि पत्रा यांच्यामध्ये नुसती माती. ओली असली की तीच जोड व्हायची, सुकली की यंत्राचा पाय अधांतरी. यांनी तो भुगा बोटांनी चोळला आणि कितीतरी वेळ हातात धरून बसले.

"ओल राहाले म्हणून मीठ टाकलं," हे म्हणाले, "अन् मिठानंच खाल्लं."

मग यांनी स्टेशनातल्या लोहाराकडून लोखंडी नळी आणली, ती खोल ठोकली आणि जोड या खेपेला जमिनीच्या वर ठेवला, डोळ्यांना दिसेल असा. तुळस दोन हात बाजूला सरकवली.

नंतर तपासायला कुणीतरी बोलायला हवं होतं आणि हे ऐकणार होते. यांनी छपरावरची तार काढून त्या जागी एक दिवा जोडला, म्हणजे आवाज घराबाहेर जात नाही, त्याची सगळी ताकद दिव्यात जाते. शंभरदा सांगितलं तेव्हा मी मायक्रोफोन हातात घेतला. काय बोलू, विचारलं, तर म्हणाले काहीही. मला काही सुचेना. शेवटी मी माहेरच्या भाताच्या जाती म्हणाले. चिन्नोर. लुचई. दुबराज. प्रत्येक नावाला तो दिवा उजळायचा आणि मंद व्हायचा. मी हळू बोलले तर थोडा, मोठ्याने बोलले तर लख्ख. मी त्या दिव्याकडे पाहत बोलत राहिले, भात संपले तर डाळी घेतल्या. हे हेडफोन काढून केव्हाचे माझ्याकडे पाहत होते, ते मला उशिरा दिसलं.

तुळशीला मी पाणी घालत होतेच, म्हणून खरी परीक्षा त्या रविवारीच होणार होती. मोजल्याप्रमाणे मी पोत्यावर होते. दोन दिवस पाण्याचा थेंब पडला नव्हता, चैत्राचं ऊन होतं. साहेब आले. खिडकीतून मला त्यांचा चष्मा आणि पांढरा बुशशर्ट दिसला. तरुण होते. चहा भाभीने केला. साहेबांनी स्वतःचं लहान यंत्र आणलं होतं, ते भाभीच्या ओट्यावर लावून हेडफोन चढवले आणि यांना बोलायला सांगितलं. यांनी जबलपूरला हाक घातली. सुरुवातीला आवाज चोरटा, स्टेशनातला. मग डॉक्टरांचं उत्तर आलं आणि हळूहळू रुंद झाला. मी पोत्याचा काठ मुठीत धरून बसले होते. ओट्यावर साहेब मान खाली घालून ऐकत होते, त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

आत येऊन त्यांनी हिंदीत विचारलं, इतके महिने होता, आता गेला, काय सापडलं? यांनी जमिनीतला जोड सांगितला. साहेबांनी मान हलवली. पण मग म्हणाले, तो तर रोज यायला हवा होता. कधी यायचा, कधी नाही, असं का?

मी खिडकीकडे कान लावला.

"उस जगह घर की तुलसी है साहब," हे म्हणाले. "पानी पड़ा तो ठीक. न पड़ा तो भंवरा."

"तो कुछ दिन पानी क्यों नहीं पड़ता था?"

मी पदर तोंडावर घेतला.

"आदमी है साहब," हे म्हणाले. "कभी रह जाता है."

साहेब हसले आणि म्हणाले की बोलत राहा, आवाज चांगला आहे. बूट वाजले, फाटक वाजलं. खिडकीपाशी येऊन यांनी गजांवर नुसती बोटं वाजवली. तारेची भाषा मला येत नव्हती. विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोत्यावरच होते. हे आंघोळ करून बाहेर आले, ओल्या धोतराने, हातात गडवा. जोड आता वर होता, नळी खोल होती, तुळशीच्या पाण्याची यंत्राला काही गरज उरली नव्हती. भाभी कुंपणापाशी आपलं आंगण झाडत होती, ती थांबली.

"काबर डारत हस बाबू?" तिने विचारलं. "बिजली बर, के भगवान बर?" विजेसाठी की देवासाठी, असं.

यांचे कान लाल झाले होते. गडवा उंच धरून यांनी धार सोडली, ती सगळी पानांवरून बाहेर उडायला लागली.

"मुळाशी घाला," मी पडवीतून म्हटलं. भाभी उभी होती तरी म्हटलं. "पानाईवर नाई, मुळाशी."

यांनी गडवा खाली आणला आणि उरलेलं मुळाशी घातलं.